माझ्या जिवंत बापाची तेरवी

माझ्या वडिलांची तेरवी दोनदा झाली. पहिली झाली तेव्हा ते जिवंत होते, सरहद्दीपलीकडे कैदेत होते, आणि मी आईच्या पोटात होते. दुसरी अलीकडची, खरी. त्या दुसऱ्या तेरवीला आम्ही सगळं गाव जेवायला बोलावलं, एक घर सोडून. ते घर आमच्या दाराच्या अगदी समोर आहे. मधून एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढाच रस्ता.

त्या घरात वडिलांचा सख्खा मोठा भाऊ राहायचा. त्याला मी आयुष्यात कधी हाक मारली नाही, त्यामुळे लिहितानाही नात्याचा शब्द हाताला येत नाही. मी त्याला थोरला म्हणेन आणि त्याच्या बायकोला थोरली. एवढा मान पुष्कळ झाला.

आमचं गाव राळेगावपासून आत. तेव्हा कापूस आणि तूर, आता सोयाबीनही. नाल्याकाठचं काळंभोर वावर दोघा भावांचं मिळून होतं. आजोबा लवकर गेले. थोरला शेती पाहायचा. बाबा यवतमाळला भरतीला गेले आणि फौजेत लागले. सुट्टीवर आले की अख्खं गाव त्यांच्या लोखंडी ट्रंकेभोवती जमायचं. बर्फाच्या गोष्टी, पंजाबी मिसळलेली हिंदी, मधूनच एखादं गाणं. लोक जमले की थोरला बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठून जायचा, असं आई सांगते. "त्याले वावर पाह्यजे होतं, हे त खरंच," ती म्हणते. "पण त्याच्याहून जास्त, तुह्या बापाच्या भोवती जमणारे लोक त्याले पाहवत नव्हते."

आईचं माहेर बोरी अरबचं. लग्नानंतर बाबांबरोबर तिला मिळाल्या त्या फक्त सुट्ट्या. पोळ्याला ते आले होते, पोळा फुटल्यावर गेले, आणि थंडीत बांगलादेशची लढाई लागली. बाबा पश्चिमेच्या सरहद्दीवर होते. लढाई थांबली, राळेगावात पेढे वाटले, आणि आमच्या घरी तार आली. शाळेच्या मास्तरांनी ती ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर वाचली. जवान बेपत्ता आहे. मेला असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

थोरला म्हणाला, "बेपत्ता म्हंजे गेला. सरकार सरळ सांगत नसते."

दोन महिने तो गावात हेच सांगत फिरला. मग गावच्या जोशीबुवांना बोलावलं. ते म्हातारे होते, पण भले होते. म्हणाले, "अरे, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. शास्त्र तसंच सांगतं. आणि सून पोटुशी आहे, हे पाप माझ्या हातून करवू नकोस." थोरल्यानं त्यांना दक्षिणा न देता वाटेला लावलं आणि नदीपलीकडून दुसरा भटजी आणला.

प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि तो जाळतात. फाल्गुन होता. फाल्गुनात पळसाला पान नसतं, नुसती लालभडक फुलं. मग घरातल्या जुन्या पत्रावळ्या उसवल्या, त्यांची वाळकी पानं काडीला बांधून हातपाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. माझ्या बापाचा तो पुतळा थोरल्यानं नाल्याच्या काठावर स्वतःच्या हातानं पेटवला. वाळली पानं ती, भसकन जळून गेली. लोक म्हणाले, बिचाऱ्याचा आत्मा अडकला नव्हता.

आईच्या बांगड्या थोरलीनं फोडल्या. वरवंट्यानं. आई ओरडत होती, "ते येतील, मले सपन पडते, ते येतील," आणि चार जणींनी तिला धरलं होतं. एक काच मनगटात शिरली. तो वण अजून आहे, पांढरट, तांदळाच्या दाण्याएवढा. मग तेरवी झाली. बुंदी होती. लोक जेवले, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्यानं गाडी जुंपून आईला राळेगावच्या स्टँडवर आणून सोडलं. सोबतीला कोणी नाही. "बाळंतपण माहेरीच होत असते," तो म्हणाला. "पोरगा झाला त पाहू."

पोरगा झाला नाही, मी झाले. पाहायला कोणी आलं नाही.

माहेरी आईला वाईट वागवलं नाही कोणी. पण बोरी अरबच्या घरात कोणाचं लग्न निघालं, कोणाची ओटी भरायची असली की आईनं मागच्या खोलीत जाऊन बसायचं. मला मांडीवर घेऊन ती तिथे सरकी काढत बसायची. वीस वर्षांची होती ती.

बाबा सुटून आले ते मार्गशीर्षात. कापूस फुटलेला होता. आधी फौजेच्या दवाखान्यात राहून, रजा घेऊन, घरी न कळवता ते एसटीनं राळेगावला उतरले आणि तिथून गावापर्यंत चालत आले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया त्यांना पाहून घागरी टाकून पळाल्या. बाबांना वाटलं, घरी सांगायला पळाल्या. हसत हसत आले ते. थोरला ओट्यावर बसला होता. तो उठून दारात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आत नोको येऊ," तो म्हणाला. "तुही तेरवी झाली."

बाबांना आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "कोनाची?"

"तुही. तू पितरात गेला. आता घरात याचं असन त आधी विधी करा लागते. पुन्हा बारसं करा लागते तुहं. बायकोसंगं पुन्हा लगन लावा लागते. मंगच उंबरा ओलांडता येते. मी नाई म्हनत, शास्त्र म्हनते."

"मी मेलोच नाई, त जन्मू कायले?"

"ते मले नोको सांगू. भटजीले इचार."

"माही बायको कुठी हाय?"

"माहेरी. पांढऱ्या कपाळानं."

हे सगळं रस्त्यावर झालं. पाहणारे पुष्कळ होते, त्यांतले काही अजून आहेत, आणि प्रत्येकाचं सांगणं या ठिकाणी एकच असतं: फौजीनं खांद्यावरची पिशवी सरळ केली आणि आला त्या पावली परत गेला. रात्र राळेगावच्या स्टँडवर काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरी अरबला आई अंगणात धान पाखडत होती. सुपावर सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. ती किंचाळली नाही, पळाली नाही. तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली, मला झोपेतून उचलून आणलं आणि बाबांच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "मी सांगतच होती समद्याले."

आजीनं कुंकवाचा करंडा आणला. बाबांनी अंगठ्यानं आईच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तेवढंच त्या दोघांचं पुन्हा लग्न. विधी कोणताच केला नाही. पुढेही कधी केला नाही. कैदेबद्दल बाबा फार बोलत नसत. थंडीत बोटं त्यांना आयुष्यभर ठणकायची, कुलूप लावलेल्या खोलीत ते झोपू शकत नसत, ताटात भाकरीचा तुकडा टाकला तर उठून जात. पण एक वाक्य ते म्हणायचे. एसटीत म्हणायचे, बाजारात म्हणायचे, अनोळखी माणसालासुद्धा सांगायचे: "दुश्मनानं मले जित्ता ठेवलं अन् भावानं मारलं."

आईला आणि मला घेऊन ते गावात परतले आणि मारुतीच्या पारावर लोक जमवले. अर्धं वावर मागितलं. थोरला म्हणाला, मेलेल्याला वाटणी नसते. तेव्हा जोशीबुवाच पुढे झाले. "मेलेला मागायला येत नसतो," ते म्हणाले. "दे." लोकांनीही तेरवीची बुंदी खाल्लेली होती, त्यांना आता तोंड लपवायला जागा हवी होती. वाटणी झाली. घराच्या जागेसाठी थोरल्यानं बैलांचा गोठा दिला, रस्त्यापलीकडचा. बाबांनी गोठा पाडून दोन खोल्या बांधल्या. मिस्त्री म्हणाला, दार पूर्वेला ठेवू, उजेड येईल. बाबा म्हणाले, "नाई. तिकडं." आणि थोरल्याच्या दाराकडे बोट केलं.

त्या दारामागे आई मला घेऊन राहिली आणि बाबा पुन्हा पलटणीत गेले. आईनं परतताना जे पाहिलं होतं ते तिनं कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही, मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. गावात परतल्यावर थोरली पहिल्यांदा समोर आली तेव्हा तिच्या तोंडावर नवल नव्हतं. "समदे लोक तुह्या बापाले पाहून बावचळले होते," आई म्हणाली. "ते बावचळली नाई. ते भ्याली. नवल वाटनं येगळं अन् भेव वाटनं येगळं." एवढंच तिच्याजवळ होतं. त्या एका चेहऱ्याचा भुंगा तिच्या डोक्यात पन्नास वर्षं राहिला.

बाबा पेन्शनीवर आले तेव्हा मी शाळेत होते. मला आठवतात ते तेव्हापासूनचे बाबा. सकाळी अंगणात स्टुलावर आरसा मांडून दाढी करायचे. आरसा असा लावायचे की त्यात मागचं, म्हणजे थोरल्याचं दार दिसेल. बूट ओट्यावर एका रांगेत, टोकं तिकडे. इस्त्रीचा शर्ट, पितळी बक्कल. थोरला दार उघडायचा आणि त्याला पहिलं दर्शन आपण जाळलेल्या माणसाचं व्हायचं. रोज. मला वाटतं, त्यासाठीच बाबा आजारपणातही कधी उशिरा उठले नाहीत.

आणि पितृपक्ष. आजोबांच्या तिथीला थोरला श्राद्ध घालायचा. बाबा गावी असले की त्या दिवशी फौजेचा कोट घालायचे, छातीवर पदकं लावायचे, आणि रस्ता ओलांडून थोरल्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे.

"वयनी," ते आवाज द्यायचे, "बापाचा घास काढला, आता माहा काढा. मी बी पितरातच हावो."

पहिल्या वर्षी थोरल्यानं शिव्या दिल्या. बाबा हलले नाहीत. लोक जमले. लोक जमल्यावर पान आणावंच लागलं. थोरली पत्रावळीवर भात, वडे, खीर घेऊन आली. बाबांनी एक घास घेतला, चावला, विचार केल्यासारखं केलं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. "तेरवीच्या बुंदीत तरी साखर होती काय? मले कोनी सांगतलं नाई."

मग उरलेलं पान त्यांनी छपरावरच्या कावळ्यांना एकेक घास करून टाकलं आणि कोट झटकून घरी आले. मी आमच्या ओट्यावरून हे पाहिलेलं आहे. शेजारपाजारचे हसायचे. मी हसत नसे, मला फार अभिमान वाटायचा. माझ्या वर्गातल्या मुली पितृपक्षाला अशुभ म्हणायच्या. माझ्यासाठी तो सण होता. शेवटी थोरल्यानं श्राद्ध घालणंच सोडून दिलं. म्हणजे त्यानं जिवंत भावाची तेरवी केली आणि मेलेल्या बापाचं श्राद्ध बुडवलं. बाबांना हे फार आवडलं होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी शिक्षिका झाले होते. पत्रिका छापायला यवतमाळला मीच गेले. घरातल्या मोठ्यांची नावं बाबांनी कागदावर लिहून दिली होती. थोरल्याचं नाव होतं, आणि नावामागे ‘कै.’ होतं. छापखान्यातल्या माणसानं मुद्रित दाखवताना विचारलं, "हे काका वारले का, ताई?"

"हो," मी म्हणाले. "बरेच दिवस झाले."

पत्रिका सगळ्या तालुक्यात गेली. थोरल्याच्या सासुरवाडीचे लोक टोप्या काढून सांत्वनाला आले, तर हा ओट्यावर बिडी ओढत बसलेला. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आला. अंगणात येऊन त्यानं पत्रिका बाबांच्या पायाशी फेकली.

"लाज नाई वाटत? जित्या माणसाले?"

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी पत्रिका उचलली, धूळ झटकली, नीट घडी केली.

"तुमी मले पेटवून मारलं," ते म्हणाले. "मी तुमाले शाईनं मारलं. जा. घरी जाऊन बारसं करून घ्या."

लोक म्हणतात, सुडानं मन शांत होत नाही. ज्यांनी सूड कधी घेतलेला नाही ते असं म्हणतात. त्या रात्री बाबा घोरत झोपले होते.

थोरल्याचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा. तो आता गावचा पुढारी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ऊठबस आहे, पांढरी गाडी आहे, मागेपुढे पोरं असतात. बाबा माघात गेले, सकाळी दाढी करून झाल्यावर, ओट्यावर बसल्या बसल्या. मी यवतमाळहून पोचले तेव्हा गावाच्या वेशीवरच मला फ्लेक्स दिसला. दोन खांबांच्या मध्ये ताणलेला. एका कोपऱ्यात बाबांचा फौजेतला फोटो, मधोमध हात जोडलेला चुलतभाऊ, त्याच्या डोक्याशी हात जोडलेला थोरला. वर लिहिलं होतं, आमच्या परिवाराचे भूषण, शूर सैनिक, आमचे काका, यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

मी गाडी थांबवली. नवऱ्याला म्हटलं, "काढा तो." तो म्हणाला, आधी घरी जाऊ, आज नको. मी खाली उतरले आणि स्वतः दोऱ्या तोडायला लागले. पुढाऱ्याची पोरं आली, "मॅडम, असं करू नका," म्हणाली. त्यातला एक माझा विद्यार्थी होता. मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. मग त्यानंच वरची गाठ सोडून दिली. फ्लेक्स गुंडाळून मी गाडीच्या डिकीत टाकला. वावरात तूर कापून पडली होती. त्या वर्षी आम्ही तो फ्लेक्स खळ्यात उताणा अंथरला आणि त्यावर तूर बडवली. सालदाराला मी सांगितलं होतं, मधोमध जरा जोरात बडव.

अंगणात बाबांना ठेवलं होतं. यवतमाळहून माजी सैनिक आले होते, त्यांनी तिरंगा पांघरला. गाव लोटलं होतं. आणि गर्दी फुटून वाट झाली. चुलतभावाच्या हाताला धरून थोरला येत होता. नव्वदीला टेकलेला, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. रडत होता. खरंच रडत होता, ते मी नाकारत नाही. गाव हळहळलं. कोणी म्हणालं, काही झालं तरी रक्त आहे.

त्यानं तिरडीच्या बांबूला हात लावायला वाकून हात पुढे केला.

आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेनं बोलायचं नसतं, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो. आईनं पन्नास वर्षं हा एक रिवाज पाळला होता. थोरल्याशी ती एक शब्द बोलली नव्हती, भांडायलासुद्धा. ती बाबांच्या उशाशी बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि मान वर केली.

"हात नोका लावू," ती म्हणाली. "तुमचा भाऊ तुमी कधीचाच जाळला. हा माहा नवरा हाय."

माजी सैनिकांतले एक म्हातारे सुभेदार होते, ते शांतपणे थोरल्याच्या आणि तिरडीच्या मध्ये येऊन उभे राहिले. हार थोरल्याच्या हातातच राहिला. चुलतभाऊ म्हणाला, "काकू, लोक पाहून राह्यले." आई म्हणाली, "पाहू दे. तवा बी पाहूनच राह्यले होते."

मग बायकांनी तिला आत नेलं. थोरलीही आत आली होती, वाकलेली, दात गेलेली. घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणून असेल, सवयीनं असेल, तीच आईचा हात धरायला पुढे झाली. हिरव्या बांगड्या होत्या आईच्या हातात, संक्रांतीला भरलेल्या. मी मध्ये पडणार होते, पण आईनं मला डोळ्यांनीच थांबवलं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "हे काम तुमी आधीच करून ठेवलं. एका नवऱ्याची रांड एकदाच होत असते. मी भोगून घेतलं तवाच. आता दुसऱ्यांदा नाई होत."

थोरलीचा हात तसाच अधांतरी राहिला. आईनं बांगड्या उतरवल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. आजही लावते. मोठं लावते. गावातल्या दोघी-तिघींनी नावं ठेवली, आणि मग एकीचा नवरा गेला तेव्हा तिनंही कुंकू ठेवलं, मग आणखी एकीनं. पण आईनं ते गावासाठी केलं नव्हतं. तिनं ते समोरच्या दारासाठी केलं होतं.

अग्नी मी दिला.

पुढच्या पावसाळ्यात थोरली गेली आणि थोरल्यानं अंथरूण धरलं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी चुलतभाऊ एकटाच आमच्या ओट्यापाशी आला. पोरं नव्हती मागे. मी सुट्टीची गावी होते.

"बाबाचा जीव अडकला काकूत," तो मला म्हणाला. "रोज म्हनतात, तिले बलाव. एकडाव येऊन जा म्हना. तुह्या पाया पडतो."

मी नाही म्हणणार होते. आई आतून म्हणाली, "चाल."

पन्नास वर्षांनी ती त्या उंबऱ्यातून आत गेली. ओसरीवर खाट होती. थोरला म्हणजे नुसती कातडी उरली होती. त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, जुळले नाहीत. खुर्ची दिली, आई बसली नाही.

"माफ कर, माय," तो म्हणाला. स्वतःच्या भावजयीला माय म्हणाला.

"एक इचारते," आई म्हणाली. "ते जित्ते हायत, हे तुमाले कवा कळलं होतं? ते दारात आले तवा, का आधी?"

थोरल्यानं डोळे मिटले. चुलतभाऊ म्हणाला, "काकू, आता काहून हे?" आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती तशीच उभी राहिली. डोळे न उघडताच थोरला बोलला.

"आधी."

"कवा?"

"तेरवी झाल्यावर. राळेगावच्या बाजारात एक फौजी भेटला होता, त्याच्याच पलटनीतला, सुट्टीवर आलेला. थो म्हने, कैदेत हाय, जित्ता हाय." त्याला धाप लागली. "आता कोन्या तोंडानं सांगू, असं वाटलं मले. पेटवून बसलो होतो. सांगतलं असतं त गावानं शेन घातलं असतं तोंडात. घरी हिले सांगतलं फक्त. वाटलं, तिकडंच मरन."

म्हणजे आई मागच्या खोलीत सरकी काढत बसायची तेव्हा या माणसाला माहीत होतं. मी जन्मले तेव्हा माहीत होतं. बोरी अरबला जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. चुलतभाऊ खाली पाहत होता. त्याला हे नवीन होतं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

आई म्हणाली, "बस. एवढंच आयकाचं होतं मले."

"माफ केलं म्हन, माय."

"नाई," आई म्हणाली. रागानं नाही, वाण्याला साखर नको म्हणावं तसं. "ते तुमी त्याइले मागा. तिकडंच चालले तुमी. पन ते देनार नाईत, हे मी आतापासून सांगून ठेवते."

रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला नाही. घरी येऊन ती तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "बरं झालं हे त्याइले कळलं नाई. त्याइनं याले मारलं असतं अन् म्हातारपनी जेलात गेले असते." मग थोड्या वेळानं, "चांगले मोठे दिवस काढू दे आता याले." एवढी देवभोळी बाई, पण त्या महिन्यात मी तिला तुळशीपुढे थोरल्याच्या दीर्घायुष्यासाठी हात जोडताना पाहिलं आहे, आणि ती माया नव्हती.

तो उन्हाळाभर राहिला. रोज निरोप यायचा, आई जायची नाही. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर गेला. गाव नाल्यावर निघालं तेव्हा आम्ही दोघी वावरात धसकटं वेचत होतो. वारा आमच्याच बाजूला होता. आई एकदा धुराकडे पाहून म्हणाली, "लाकडं ओली दिसतात," आणि पुन्हा खाली वाकली.

सख्खा भासरा गेला की दहा दिवस सुतक. देवपूजा नाही, दारात रांगोळी नाही, गोडधोड नाही. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला. मला म्हणाली, "अंगन सारव अन् रांगोळी काढ. मोठी काढ."

मी ओट्यापासून रस्त्यापर्यंत रांगोळी काढली. रंग भरले. समोरच्या ओसरीवर दुखवट्याला आलेले लोक बसले होते, पुढारी, पांढऱ्या टोप्या, सगळे पाहत होते. शेवटी एक म्हातारे उठून आले. म्हणाले, "बाई, हे बरं नाई. सुतक हाय तुमाले."

आई उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. "आमाले कायचं सुतक?" ती म्हणाली. "त्या घरातलं आमचं मानूस पन्नास वर्साआधी गेलं. त्याचं सुतक कवाचंच फिटलं."

म्हातारे उभेच राहिले. मग मी त्यांना चहाचं विचारलं. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, आणि रांगोळीच्या कडेनं पाय सांभाळत आमच्या ओट्यावर येऊन बसले.